विमानातून संगणक नेताना : काय हातात ठेवायचं, काय मोठ्या बॅगेत

आज बचत, कर्ज, शेळीपालन यांतलं काही नाही. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "ताई, आपल्याला काय करायचंय त्याचं?" पण शेवटपर्यंत ऐका. कारण आपल्याकडची मुलं-मुली आता शिकायला जर्मनीला, अमेरिकेला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला निघाली आहेत. लातूर पॅटर्नने डॉक्टर-इंजिनिअर घडवले हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो. त्यातलीच पुढची काही पोरं समुद्रापलीकडे जातात. आमच्या गटांच्या बैठकीत पूर्वी मुलीच्या लग्नासाठी अंतर्गत कर्जाची मागणी यायची. आता "लेकीला लॅपटॉप घ्यायचाय" अशीही मागणी येते.

आणि पोरगं निघालं की बॅग कोण भरतं? आपणच. शेंगदाण्याची चटणी कशात भरायची, लोणच्याचं तेल सांडू नये म्हणून बरणीचं झाकण कसं बांधायचं, पापड खाली ठेवायचे की वर, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या बॅगेतली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे संगणक. तो मात्र "त्याचं त्याला कळतं" म्हणून आपण सोडून देतो. पोरगं शेवटच्या रात्री मित्रांना भेटून येतं आणि जिथे जागा उरली तिथे हार्ड डिस्क कोंबतं. साठ-सत्तर हजारांच्या यंत्राची किंमत घरच्यांनी कशी जमवली ते आपल्याला ठाऊक असतं. हप्ते चालू आणि यंत्र बंद, असं व्हायला नको. म्हणून ही माहिती घरातल्या बाईलाही असावी.

तसं पाहिलं तर महाराष्ट्रातून संगणक परदेशी जाणं नवं नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. डॉ. भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९० साली त्याचा नमुना झुरिकच्या प्रदर्शनात गेला आणि पुढे मॉस्कोलाही एक 'परम' बसला. महासंगणकाची काळजी घ्यायला शास्त्रज्ञांची तुकडी असते. आपल्या लेकराच्या संगणकाची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

संगणकाचे शत्रू कोण?

आधी समजून घेऊ की प्रवासात हे यंत्र बिघडतं कशाने. पहिला शत्रू धक्का. आपण विमानतळावर मोठी बॅग काउंटरवर देतो. तिथून ती सरकत्या पट्ट्यावरून जाते, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडते, गाडीत चढते, विमानाच्या पोटात रचली जाते. मध्ये विमान बदलायचं असेल तर हे सगळं पुन्हा एकदा. बॅगेवर "नाजूक वस्तू" अशी चिठ्ठी लावली तर माणूस कदाचित ती वाचेल, पण पट्ट्याला वाचता येत नाही. चिठ्ठी जरूर लावा, पण चिठ्ठीच्या भरवशावर राहू नका.

दुसरा शत्रू दाब. आपल्या बॅगेवर आणखी दहा बॅगा येतात. लॅपटॉपचा किंवा मॉनिटरचा पडदा मधोमध दाबला गेला की आतून तडकतो. वरून काही दिसत नाही, पण चालू केला की काळा डाग पसरलेला असतो.

तिसरा शत्रू अंगातली वीज. थंडीत स्वेटर काढताना चट-चट आवाज येतो ना, तीच. आपल्याला नुसता चिमटा बसतो, पण संगणकाच्या उघड्या पाटीवरचा बारीक भाग त्याने जळू शकतो. चौथा शत्रू ओल. फ्रिजमधून तांब्या काढला की त्याला बाहेरून घाम येतो, तसा घाम थंड यंत्रालाही सुटतो. आणि पाचवा शत्रू चोरी. लॅपटॉप, मोबाइल यांसारख्या वस्तू कुलूप लावलेल्या बॅगेतूनही जाऊ शकतात.

काही जणींना एक भीती असते की विमानतळावरच्या तपासणी यंत्राने, म्हणजे एक्स-रेने, संगणकातले फोटो आणि कागदपत्रं पुसली जातात. तसं होत नाही. जुन्या फोटोच्या रिळाला एक्स-रेचा त्रास व्हायचा, हार्ड डिस्कला किंवा पेनड्राइव्हला होत नाही. त्यामुळे यंत्र बिनधास्त तपासणीतून जाऊ द्या.

हातात काय ठेवायचं?

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जे फुटलं तर परत मिळणार नाही आणि ज्यात बॅटरी आहे, ते हातातल्या बॅगेत. म्हणजे लॅपटॉप हातात, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क हातात, पेनड्राइव्ह हातात, सुटी बॅटरी हातात आणि पॉवर बँकही हातात.

यातली बॅटरीची गोष्ट सोयीची नाही, नियमाची आहे. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक या सगळ्यांत लिथियमची बॅटरी असते. ती चेपली, भोक पडलं किंवा तिची दोन टोकं एखाद्या नाण्याला, किल्लीला लागून जोडली गेली, तर ती तापते आणि पेट घेऊ शकते. प्रवाशांच्या डोळ्यांसमोर असं झालं तर धूर लगेच दिसतो आणि विमानातले कर्मचारी आग आटोक्यात आणू शकतात. विमानाच्या पोटात असं झालं तर तिथे हात पोहोचत नाही. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवायला जगभर बंदी आहे.

हे कागदी नियम आहेत असं समजू नका. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसान कंपनीचं विमान उडण्याआधीच पेटलं. माणसं वेळेत बाहेर काढली म्हणून जीव वाचले, पण विमान जळालं. तपासात संशय आला तो एका पॉवर बँकेवर. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी नियम कडक केले. कुणी पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवू देत नाही, कुणी विमानात तिच्यावर मोबाइल चार्ज करू देत नाही. आपण ज्या कंपनीचं तिकीट काढलं तिचा नियम निघण्याआधी पाहून घ्यायचा.

आता प्रश्न येतो, केवढी बॅटरी चालते? त्याचं माप 'वॉट-अवर'मध्ये असतं. १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाला नेता येत नाही. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला किंवा बॅटरीवर हा आकडा छापलेला असतो. बहुतेक लॅपटॉप १०० च्या आतच असतात.

पॉवर बँकेवर मात्र अनेकदा वेगळाच आकडा मोठ्या अक्षरात असतो, मिलि-अँपिअर-अवरचा. त्याचं गणित गटाच्या हिशोबापेक्षा सोपं आहे. त्या आकड्याला १,००० ने भागायचं आणि ३.७ ने गुणायचं. २०,००० ची पॉवर बँक असेल तर २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॉट-अवर. चालेल. ३०,००० ची असेल तर १११ वॉट-अवर. तिला परवानगी लागेल. आणि जिच्यावरचा आकडाच पुसला गेलाय किंवा मुळात छापलेलाच नाही, ती स्वस्तातली पॉवर बँक घरीच ठेवा. तपासणीला उभे असलेले जवान ती काढून घेऊ शकतात.

सुटी बॅटरी असेल तर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि एक पक्कं सांगते, फुगलेली बॅटरी विमानात न्यायचीच नाही. लॅपटॉपचं पोट वर आलंय, टचपॅड उचलल्यासारखं दिसतंय, झाकण नीट मिटत नाही, तर आधी बॅटरी बदलून घ्या आणि मगच निघा.

हातातल्या बॅगेबद्दल आणखी एक. विमान भरलेलं असलं की कधीकधी विमानाच्या दारात कर्मचारी सांगतात, "वर जागा नाही, ही बॅग खाली द्या." अशा वेळी मुलं गडबडून बॅग तशीच देऊन टाकतात. मुलांना आधीच सांगून ठेवा : बॅग द्यायची वेळ आली तर लॅपटॉप, हार्ड डिस्क आणि पॉवर बँक आधी बाहेर काढायची. म्हणून या वस्तू तळाशी न ठेवता एका कापडी पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवायच्या. सुरक्षा तपासणीतही लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, तिथेही हीच सोय कामी येते. तपासणी झाल्यावर ट्रेमधून लॅपटॉप उचलला का, हे बघूनच पुढे जायचं. घाईत बेल्ट-पाकीट घेतलं जातं आणि लॅपटॉप मागे राहतो.

यंत्राआधी आतला माल

धान्य गेलं तर दुसरं आणता येतं, पण घरचं जपलेलं बियाणं गेलं की गेलं. संगणकाचंही तसंच आहे. यंत्र नवं मिळेल, पण आत ठेवलेला प्रकल्प, गुणपत्रिकांच्या प्रती, आजोबांचा शेवटचा फोटो, हे दुकानात मिळत नाही. ओळखीच्या एका घरी असंच झालं. मुलाने हार्ड डिस्क मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये ठेवली. तिकडे पोहोचल्यावर ती नुसती टकटक आवाज करत राहिली. डिस्क काही हजारांची होती, पण तिच्यात शेवटच्या वर्षाचं सगळं काम होतं आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

हार्ड डिस्कच्या आत काय असतं ते सांगते, म्हणजे ती एवढी नाजूक का ते कळेल. आत एक चकचकीत तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. तिच्यावर वाचणारं टोक तबकडीला न टेकता तरंगत असतं आणि मधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असतं. फिरत असताना धक्का बसला की टोक तबकडीवर आपटतं आणि ओरखडा पडतो. डिस्क बंद असताना ते टोक बाजूला जाऊन बसतं, त्यामुळे धोका कमी होतो, पण जोरात पडली तर तेव्हाही बिघडते. नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती धक्का जास्त सोसते.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी दोन प्रती करायच्या. एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, ती घरी आईजवळ कपाटात ठेवायची. दुसरी प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात, म्हणजे क्लाउडवर. आणि प्रत केल्यावर ती उघडून बघायची. उघडत नसेल तर प्रत केली असं म्हणता येत नाही. निघताना लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. नुसतं झाकण मिटलं तर तो झोपेत जातो, बॅगेतच जागा होतो आणि तापत राहतो.

मोठा संगणक न्यायचाच असेल तर

काही मुलं ॲनिमेशन, डिझाइन असं शिकायला जातात. त्यांच्याकडे टेबलावरचा मोठा संगणक असतो आणि तो न्यायचा त्यांचा हट्ट असतो. आधी हिशोब करा. साधारणपणे कंपन्या मोठ्या बॅगेसाठी एका नगाला २३ किलोची मर्यादा ठेवतात आणि ३२ किलोच्या वर एक नग घेतच नाहीत. लोखंडी डबा, म्हणजे कॅबिनेट, त्यातच किती किलो खातो ते वजनकाट्यावर बघा. मॉनिटर तिकडे सेकंडहँड मिळतो. डबाही मिळतो. म्हणून शहाणपण असं की महागडे भाग तेवढे न्यायचे आणि डबा, मॉनिटर, यूपीएस इथेच ठेवायचे. यूपीएसच्या जड बॅटरीचा तर विमानात नुसता घोळ होतो.

अख्खा संगणक न्यायचाच ठरला तर त्याच्या पोटातले जड भाग आधी काढायला सांगा. ग्राफिक्स कार्ड जड असतं आणि ते एका फटीत अडकवून लोंबत्यासारखं बसवलेलं असतं. प्रवासात हिसका बसला की ती फटच तुटते. प्रोसेसरवरचा मोठा पंखाही तसाच जड असतो. हे दोन्ही काढून वेगळे बांधायचे. बाजूला काचेचं दार असेल तर ते काढून वेगळं गुंडाळायचं. फिरणारी हार्ड डिस्क काढून हातातल्या बॅगेत घ्यायची. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, कोणती वायर कुठे होती ते. स्क्रू छोट्या पुड्यांत बांधून प्रत्येकीवर नाव लिहायचं. आणि स्क्रू ड्रायव्हर मोठ्या बॅगेत टाकायचा, हातातल्या बॅगेत सापडला तर तपासणीत काढून घेतात.

काढलेला प्रत्येक भाग आधी चंदेरी पिशवीत ठेवायचा. नवीन भागाबरोबर येते ती, दुकानात मागितली तरी मिळते. ती अंगातल्या विजेपासून वाचवते. साधी प्लास्टिकची पिशवी किंवा लोकरीचं कापड थेट अंगाला लावायचं नाही, त्यांनीच वीज तयार होते. भागाला हात लावण्याआधी आपण संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावायचा आणि भाग कडेला धरायचा.

आता बांधायचं कसं? माळेगावच्या जत्रेला जाताना कुंभाराची गाडी बघितली असेल. मडक्याला मडकं टेकत नाही, मध्ये गवत असतं. आणि मडकं गाडीच्या फळीलाही टेकत नाही. तोच नियम इथे. भागाला भाग टेकायला नको, भाग बॅगेच्या कडेला टेकायला नको आणि आतमध्ये काहीही हलायला नको. चंदेरी पिशवीवरून बबल रॅपचे दोन-तीन वेढे, मग फोम, मग खोकं. खोक्याभोवती चारी बाजूंनी चार बोटं जाडीचे कपडे. सुती वाकळ असेल तर फारच छान, पोराला तिकडे थंडीत अंगावरही होईल. मूळ खोकं आणि त्यातला थर्माकोल जपून ठेवला असेल तर त्यासारखं काहीच नाही. सगळं भरल्यावर बॅग बंद करून हलवा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा.

मॉनिटर न्यायचा असेल तर पडद्यावर काहीही दाबेल असं ठेवायचं नाही. पडद्यावर मऊ कापड, त्यावर पडद्याएवढा सपाट जाड पुठ्ठा, आणि बांधताना मधोमध ताण येऊ द्यायचा नाही. आणि चटणी-लोणचं संगणकाच्या बॅगेत अजिबात नाही. दोन्ही आपल्या जिवाभावाचं, पण एका बॅगेत नको.

आत एक कागद ठेवा. त्यावर इंग्रजीत नाव, फोन नंबर, आत काय आहे आणि ते परत कसं ठेवायचं याचा फोटो. अमेरिकेसारख्या देशात तपासणी करणारे आपल्या मागे बॅग उघडतात. त्यांना कसं भरलं होतं ते दिसलं, तर पुन्हा तसंच भरण्याची शक्यता वाढते.

अहमदपूर ते विमानतळ

आपल्यासाठी प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, घरापासून होतो. इथून हैदराबादला जायचं तर शिरूर ताजबंद, उदगीर, बिदर, जहीराबाद असा रस्ता. मुंबईला जायचं तर लातूरहून किंवा नांदेडहून रेल्वे. या रस्त्यातच विमानापेक्षा जास्त हादरे बसतात. गाडीच्या टपावर संगणकाची बॅग टाकायची नाही. एसटीत शेवटच्या सीटवर, चाकाच्या मागे सगळ्यात जास्त उसळी बसते, तिथे नको. लॅपटॉप मांडीवर घ्या. रेल्वेत सीटखाली ठेवला तर साखळीने बांधा, नाहीतर उशाशी घ्या.

मे-जूनमध्ये आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. जेवायला थांबलो आणि लॅपटॉप बंद गाडीत उन्हात राहिला, तर गाडीच्या आतली उष्णता बॅटरीला सोसत नाही. जेवायला जाताना पिशवी बरोबर घ्या.

आणि निघण्याच्या दिवशी शेजारपाजारचे येतात. "आमच्या पिंट्याला एवढं खोकं द्या, लॅपटॉप आहे त्यात." नाही म्हणायला जड जातं. पण बंद खोकं कधीही घ्यायचं नाही. बॅग कुणी भरली, दुसऱ्याचं काही आहे का, असं विमानतळावर विचारतात. खोक्यात जे निघेल त्याची जबाबदारी आपल्या लेकराची. फारच जवळचं माणूस असेल तर समोर उघडून, यंत्र चालू करून बघून, बिलासकट घ्या.

कस्टम्स आणि पावत्या

संगणकाच्या बिलाचा फोटो, आणि यंत्राच्या मागचा सिरियल नंबर वहीत लिहून ठेवा. एकदम नवं आणि महागडं यंत्र घेऊन जाणार आणि तेच परत आणणार असाल, तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून तशी नोंद असलेलं प्रमाणपत्र घेता येतं. परत येताना "हे तिकडे विकत घेतलं" असा प्रश्न आला तर हे प्रमाणपत्र दाखवायचं. बॅग काउंटरवर देण्याआधीच हे करावं लागतं, कारण यंत्र दाखवावं लागतं.

परत येताना १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्क न भरता आणता येतो. एक. टेबलावरचा संगणक त्या सवलतीत बसत नाही, तो इतर सामानाच्या किमतीच्या मर्यादेत मोजला जातो. म्हणून "येताना भाच्यालाही एक घेऊन ये" असं फोनवर सहज सांगण्याआधी विचार करा. दुसऱ्या लॅपटॉपवर शुल्क बसू शकतं आणि भरावं लागतं ते आपल्या मुलाला.

पोहोचल्यावर घाई नको

थंडीच्या दिवसांत जर्मनीत किंवा कॅनडात पोहोचलं, की बाहेरचं थंड यंत्र उबदार खोलीत येतं आणि त्याला घाम सुटतो. तो घाम आतल्या पाटीवर असताना चालू केलं तर बिघाड होऊ शकतो. म्हणून बॅग खोलीत ठेवा, न उघडता काही तास थांबा, यंत्र खोलीइतकं कोमट होऊ द्या, मग चालू करा. मोठा संगणक आधी उघडून बघा. आत काही सुटलंय का, काही लोंबतंय का ते तपासा आणि मगच वीज जोडा.

विजेचंही बघा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असते. जर्मनी, ऑस्ट्रेलियातही साधारण तेवढीच. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० असं छापलेलं असेल तर तो कुठेही चालतो, फक्त तिकडच्या बोर्डात बसणारी पिन लागते. ती इथूनच घ्या. पण काही जुन्या मोठ्या संगणकांच्या मागे एक लाल बटण असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. अमेरिकेहून ११५ वर असलेला संगणक आणून आपल्याकडे तसाच लावला तर पहिल्याच झटक्यात उडतो. लावण्याआधी बटण बघा.

तरीही मोडलं तर

सगळी काळजी घेऊनही मोठ्या बॅगेतलं यंत्र मोडून निघालं तर? विमानतळ सोडण्याआधी तिथल्याच बॅगेज काउंटरवर तक्रार लिहून द्या आणि तिची प्रत घ्या. बॅगेचे, खोक्याचे, यंत्राचे फोटो काढा. बॅगेला लावलेली पट्टी आणि बोर्डिंग पास फेकू नका. घरी आल्यावर लक्षात आलं तरी बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. बॅग उशिरा मिळाली तर त्या तक्रारीला २१ दिवस असतात.

आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी माँट्रियल करार नावाचा नियम आहे. भारत त्यात २००९ पासून आहे. त्यात सामानाच्या नुकसानीसाठी भरपाईची कमाल मर्यादा ठरलेली आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे तेव्हाच्या दराने आपल्या पैशांत साधारण पावणेदोन लाख रुपये. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ठरवलेलं हिशोबाचं परिमाण. पण ही कमाल मर्यादा आहे, तेवढे मिळतीलच असं नाही. झालेलं नुकसान दाखवावं लागतं, बिल लागतं. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या अटींत आधीच लिहिलेलं असतं की नाजूक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू मोठ्या बॅगेत ठेवू नका. त्यामुळे भांडण लांबतं. आणि आतल्या माहितीची किंमत तर कुणीच भरून देत नाही. म्हणून मी सुरुवातीपासून सांगतेय, दोन प्रती करा आणि महत्त्वाचं हातात ठेवा.

आता गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घ्या. बॅगा बांधायच्या आदल्या रात्री वाचायला उपयोगी पडेल.

एक, माहितीच्या दोन प्रती केल्या, उघडून बघितल्या, एक घरी ठेवली.
दोन, लॅपटॉप, हार्ड डिस्क, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, एका पिशवीत, सगळ्यात वर.
तीन, बॅटरी १०० वॉट-अवरच्या आत आहे, फुगलेली नाही.
चार, मोठ्या संगणकातले जड भाग काढले, चंदेरी पिशवीत घातले, बॅग हलवली तर आवाज येत नाही.
पाच, बिलाचा फोटो आणि सिरियल नंबर वहीत आहे.
सहा, दुसऱ्या कुणाचं बंद खोकं घेतलेलं नाही.

या सहा ओळी मुलासमोर बसून मोठ्याने वाचा. तो म्हणेल, "आई, तुला काय कळतं यातलं?" तेव्हा त्याला २०,००० च्या पॉवर बँकेचं गणित विचारा. आपल्या गटातल्या कुणाचं मूल परदेशी निघणार असेल तर ही वही तिच्या घरी द्या आणि पुढच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं यावर बोला.